सत्तावीस लाखांचं घर, हातात तेवीस लाख

वाचकाचं पत्र

सर, नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. औशात (जि. लातूर) आमचा प्लॉट आहे, तिथे यंदा घर बांधायचं ठरलंय. खालीच १,२०० चौरस फूट, वर सध्या काही नाही. कर्ज १५ लाख मंजूर झालंय, साठवलेले ८ लाख आहेत. म्हणजे हातात २३ लाख. इंजिनिअरने जुलै २०२५ मध्ये दिलेलं एस्टिमेट २७ लाख ४० हजारांचं आहे. गावातले एक ठेकेदार १,६५० रुपये फुटाने विथ मटेरियल करून देतो म्हणतात. प्लॅन बघून ते म्हणाले, ‘मॅडम, यात व्हॅल्यू इंजिनिअरिंग करू. बारा बाय बाराचे कॉलम नऊ बाय बारा करू, भिंतीत लपून जातील. सळई पंधरा टक्के कमी करू. फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा पाया, सहा फुटांऐवजी चार फूट खोल. आणि एकमजली घराला जोत्यावरचा प्लिंथ बीम कशाला?’ इंजिनिअर म्हणतात, सळईला हात लावला तर मी सही करणार नाही. माझ्या मिस्टरांना वाटतं एस्टिमेट फुगवलंय. सासऱ्यांनी १९९३ चा भूकंप पाहिलाय, त्यांचं एकच म्हणणं: घर मजबूत हवं. कोणाचं ऐकावं? प्लॅन, एस्टिमेट आणि ठेकेदारांचं कोटेशन सोबत जोडलं आहे.

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचे तिन्ही कागद दोन संध्याकाळी शेजारी शेजारी ठेवून वाचले. आधी उत्तर सांगून टाकतो, म्हणजे तुमची झोप उडणार नाही. सासऱ्यांचं ऐका. सळई, कॉलम आणि पायाच्या बाबतीत इंजिनिअरचंही ऐका. पण ४ लाख ४० हजारांची खोट खरी आहे आणि ती भरून काढता येते. फक्त ठेकेदार ती जिथे शोधतायत तिथे ती सापडणार नाही.

मिस्टरांच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण ती रास्त आहे. १,६५० गुणिले १,२०० म्हणजे १९ लाख ८० हजार, आणि इंजिनिअर सांगतात सत्तावीस. कोणालाही वाटेल की कोणीतरी फसवतंय. पण कोटेशनच्या दुसऱ्या पानावर खालून तिसरी ओळ बघा: ‘माप स्लॅबच्या एरियाने धरले जाईल.’ तुमच्या प्लॅनवर स्लॅब भिंतींच्या बाहेर सगळीकडून आलेला आहे, पुढे पोर्चही आहे. मी मोजला, तर स्लॅब १,३६० चौरस फूट भरतो. त्याला १,६५० ने गुणा. २२ लाख ४४ हजार झाले. अजून एक वीटही जास्त लागलेली नाही.

आता त्याच पानावरची ‘एक्स्ट्रा’ची यादी घ्या. चार फुटांखालचा पाया, दोन फुटांवरची जोत्याची भर, सेप्टिक टँक आणि पाण्याची टाकी, जिन्यावरची खोली आणि पॅरापेट, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, दिवे-पंख्यांचे पॉइंट. हे सगळं इंजिनिअरच्या एस्टिमेटमध्ये आत धरलेलं आहे. त्यांच्याच दराने मी बेरीज केली तर ४ लाख ३० हजार होतात. ठेकेदारांचं घर २६ लाख ७४ हजारांवर गेलं. म्हणजे दोघांत खरा फरक ६६ हजारांचा, साडेसात लाखांचा नाही.

ठेकेदार लबाड आहेत असं मी म्हणत नाही. आपल्याकडे फुटाचा भाव असाच बोलला जातो. पण फुटाचा भाव म्हणजे एस्टिमेट नव्हे. त्यात पाया किती खोल, भिंत किती लांब, दारं किती, यातलं काहीच दिसत नाही. दोन भाव ताडून बघायचे तर दोघांच्या हातात कामांची एकच यादी हवी: खोदाई इतके घनमीटर, काँक्रीट इतके, सळई इतके किलो, वीटकाम, प्लास्टर, फरशी. तुमच्या इंजिनिअरने ती यादी केलेली आहेच. दराचा रकाना कोरा ठेवून तिची झेरॉक्स दोन-तीन ठेकेदारांना द्या आणि दर भरून मागा. जो भरायला नाही म्हणेल त्याला सोडा.

एस्टिमेटमध्ये चुका नाहीत असंही नाही. प्लास्टर मोजताना दारं-खिडक्या वजाच केलेल्या नाहीत. मोजमापाच्या भारतीय मानकाप्रमाणे अर्ध्या चौरस मीटरपेक्षा मोठं आणि तीन चौरस मीटरपर्यंतचं तोंड असेल, तर दोन्ही बाजूंना सारखं प्लास्टर असताना एका बाजूचं माप वजा करतात. तुमची अशी अकरा तोंडं आहेत. साधारण दोनशे चौरस फूट, म्हणजे नऊ हजार रुपये. दुसरं, एस्टिमेट जुलैचं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. तुमच्या घराला पावणेपाचशे-पाचशे पोती लागतील, त्यामुळे तेरा-चौदा हजारांचा फरक पडायला हवा. आजचा भाव दुकानातून लिहून घ्या. दोन्ही मिळून बावीस-तेवीस हजार. ही नजरचूक आणि जुना दर आहे, याला फुगवणं म्हणता येत नाही.

आता सळई. हे जरा जवळून बघू, कारण सगळा वाद इथेच आहे.

एस्टिमेटमध्ये सळई आहे ४,३०० किलो, दर ६२ रुपये. म्हणजे २ लाख ६६ हजार. पंधरा टक्के कापली तर वाचतात चाळीस हजार. सत्तावीस लाखांच्या घरात दीड टक्का. आणि कापणार कुठून? सगळ्यात आधी रिंगांमधून, म्हणजे कॉलमच्या उभ्या सळयांभोवतीच्या वेढ्यांमधून, कारण सिमेंट ओतल्यावर रिंगा कोण मोजणार?

तुमचा एक कॉलम घेऊ. बारा बाय बारा, उंची तीन मीटर, सोळा एमएमच्या चार सळया, त्यांना आठ एमएमच्या रिंगा. ड्रॉइंगवर लिहिलंय: वरच्या आणि खालच्या टोकाला दीड-पावणेदोन फुटांत रिंगा तीन-तीन इंचांवर, मधल्या भागात सहा इंचांवर. ठेकेदार बांधणार सरसकट आठ इंचांवर. ड्रॉइंगप्रमाणे एका कॉलमला सत्तावीस-अठ्ठावीस रिंगा लागतात, त्यांच्या पद्धतीने पंधरा-सोळा. फरक बारा रिंगांचा. एक रिंग म्हणजे हुकासकट साधारण एक मीटर सळई. वजन काढायची आमची रीत सोपी आहे: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, की मीटरचं वजन किलोत मिळतं. आठ आठे चौसष्ट भागिले १६२, म्हणजे ०.३९५ किलो. (हीच रीत सळई उतरवून घेताना वापरा. बारा एमएमची बारा मीटरची सळई साडेदहा-पावणेअकरा किलो भरायला हवी.) म्हणजे एक रिंग पंचवीस रुपयांची. बारा रिंगा तीनशे रुपयांच्या. तुमचे कॉलम चौदा. सगळ्या घराचे मिळून वाचले ४,२०० रुपये.

कॉलम नऊ बाय बारा केले तर चौदा कॉलमांत मिळून घनमीटरभरही काँक्रीट वाचत नाही. सहा-साडेसहा हजार धरा. कॉलम भिंतीत लपतो हे खरं, दिसायला बरं दिसतं. पण भूकंपप्रवण भागात कॉलमची लहान बाजू ३०० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे बारा इंचांपेक्षा कमी नको, असं मानक सांगतं. तुमच्या इंजिनिअरने ते पाळलंय. खोलीच्या कोपऱ्यात तीन इंच कॉलम दिसू द्या. तिथे कपाट करून घ्या.

भूकंपात घर बाजूला हलतं, तेव्हा कॉलमची टोकं सगळ्यात जास्त पिळवटली जातात. तिथलं काँक्रीट फुटून बाहेर पडायला बघतं, उभ्या सळया वाकायला बघतात. त्यांना कवेत धरून ठेवतात त्या रिंगा. म्हणून टोकाला त्या दाट हव्यात आणि त्यांचा हुक आतल्या काँक्रीटमध्ये वळलेला हवा. फिटर घाईत नुसता काटकोनात वाकवतो. असा हुक धक्क्यात उघडतो आणि रिंग असून नसल्यासारखी होते. हुक १३५ अंशांत आत वळवायला एक पैसा जास्त लागत नाही. फक्त कोणीतरी समोर उभं राहून बघायला हवं. हे काम सासऱ्यांना द्या, ते मनापासून करतील.

किल्लारी तुमच्याच तालुक्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास, विसर्जन करून लोक झोपले होते. त्यानंतर पुनर्वसनाच्या कामावर मी दीड वर्ष होतो. पडलेली घरं बहुतेक दगड-मातीची, वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या छताचं, प्रचंड ओझं. दोन-अडीच फूट जाडीच्या त्या भिंती बघताना वाटायचं, इतकी जाड भिंत पडलीच कशी? जवळ गेल्यावर कळायचं. आतल्या बाजूचा दगडांचा थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये मातीची भर. दोन्हींना शिवणारा आरपार दगड नाही. माल भरपूर होता, बांधून ठेवणारं काही नव्हतं. तुमचा प्लिंथ बीम आणि या रिंगा हे बांधून ठेवण्याचं काम करतात. चार पैशांसाठी ते सोडू नका, मी हात जोडून सांगतो.

पायाचं मात्र वेगळं आहे. तिथे इंजिनिअरचे सहा फूट आणि ठेकेदारांचे चार फूट, दोन्ही मला अंदाजच वाटतात. तुमच्या भागात काळी जमीन. मे महिन्यात भेगेत हात जातो आणि श्रावणात तीच माती फुगून वर येते. फुटिंग काळ्या मातीत बसवलं तर ते दरवर्षी वर-खाली होत राहणार आणि चार वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघणार. फुटिंग काळी माती पार करून कडक मुरमावर बसायला हवं. तो मुरूम तुमच्या प्लॉटमध्ये साडेतीन फुटांवर आहे की आठ फुटांवर, हे खणल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही. एस्टिमेटमधली सगळ्यात मोठी अनिश्चित रक्कम ही आहे, आणि जेसीबीच्या तासाभराच्या भाड्यात ती निश्चित होते. आमच्या धंद्यात खूप जण एवढंच करत नाहीत, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

जोत्याच्या भरावाचंही विचारून घ्या. खोदलेली काळी माती तिथेच पडलेली असते, फुकट असते, म्हणून तीच जोत्यात ढकलतात. मग तीन पावसाळ्यांत फरशी उचलते किंवा खचते. कागदावर लिहून घ्या: भर मुरमाची, थर देऊन, पाणी मारून, ठोकून.

आता व्हॅल्यू इंजिनिअरिंग. चांगला शब्द आहे, ठेकेदारांनी तो कापाकापीला वापरला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत मालाची टंचाई होती. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत लॉरेन्स माईल्स नावाचे इंजिनिअर खरेदीचं काम बघत. कारखान्याला अॅस्बेस्टॉसचे तक्ते हवे होते, ते मिळेनात. माईल्स यांनी विचारलं, ते कशासाठी लागतात? कळलं की रंगकामाच्या जागी जमिनीवर पसरायला, म्हणजे सांडलेल्या रंगाने आग लागू नये म्हणून. त्या कामाला न जळणारा, स्वस्त आणि सहज मिळणारा दुसरा कागद बाजारात होताच. यातूनच १९४७ च्या सुमारास त्यांनी ही पद्धत बसवली. वस्तू स्वस्त कशी मिळेल हा प्रश्न नंतरचा. ती काय काम करते हा पहिला, आणि तेच काम कमी पैशांत आणखी कशाने होईल हा दुसरा. काम तेवढंच व्हायला हवं, ही अट आहे. रिंगा कमी केल्या तर काम होतच नाही. त्याला व्हॅल्यू इंजिनिअरिंग म्हणत नाहीत.

हा प्रश्न तुमच्या प्लॅनला विचारू.

तुमच्या घराची बाहेरची भिंत मी मोजली: १७२ फूट. मागे आत घेतलेला चौक, बाजूला बाहेर काढलेली बाथरूमची पेटी, पुढे देवघराचा कोनाडा. तेच १,२०० फूट तीस बाय चाळीसच्या चौकोनात बसवले तर भिंत होते १४० फूट. बत्तीस फूट भिंत जास्त आहे. एक फूट लांबीची नऊ इंची भिंत दहा फूट उंच बांधली तर वीटकाम, दोन्ही बाजूंचं प्लास्टर, रंग, खालचा बीम मिळून तुमच्या दरांनी तीन हजार चारशेच्या आसपास जाते. लाखाच्या वर गेलं, ताई. पंधरा टक्के सळई कापून जे वाचत होतं त्याच्या अडीचपटीहून जास्त, आणि घर उलट भूकंपाला चांगलं झालं, कारण साधा चौकोन हलतो सरळ आणि वेडावाकडा आकार पिळतो. चौक कशाला हवा होता? उजेडाला आणि कपडे वाळत घालायला. उजेड दोन मोठ्या खिडक्यांनी येईल, कपडे गच्चीवर वाळतील. इंजिनिअरसोबत तासभर बसा आणि प्लॅन सरळ करून घ्या. कागदावर रेघ खोडायला खर्च नाही, म्हणून हे आत्ताच. प्लॅन नगरपरिषदेत मंजूर झाला असेल तर सुधारित प्लॅन टाकावा लागेल, तेही विचारा.

तीन बाथरूम तीन कोपऱ्यांत आहेत. दोन पाठीला पाठ लावून घ्या, तिसरं आत्ता नको. पाइप, चेंबर, टाइल्स, नळ धरून सत्तर हजार सुटतील. वर मजला चढवाल तेव्हा त्याच ओळीत वरचंही बाथरूम येईल.

उंची अकरा फूट धरली आहे. मी कारण विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, उन्हाळ्यात थंड राहावं म्हणून. मराठवाड्याच्या उन्हात ते खरंही वाटतं. पण एकमजली घरात उष्णता मुख्यतः स्लॅबमधून उतरते. एक फूट उंची कमी केली तर सगळ्या भिंतींचे मिळून पंचावन्न हजार वाचतात. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचा थर द्यायचा, नाहीतर दर वर्षी होळीनंतर चुना मारायचा. ऊन परत फेकलं जाईल. उंचीने जे काम होणार होतं ते याने जास्त चांगलं होतं.

समोरच्या एलिव्हेशनवरचा दगड आणि हॉलमधलं पीओपी, ९५ हजार. हे पाच वर्षांनी दिवाळीत करता येईल. कॉलम पाच वर्षांनी जाड करता येत नाही. प्रत्येक ओळीपुढे हा एक प्रश्न पेन्सिलने लिहा: हे नंतर करता येईल का? सागवानी चौकटी फक्त पुढच्या दाराला ठेवा, आत फ्लश डोअर, पंचेचाळीस हजार. तीन बाजूंचं कंपाउंड आत्ता तारेचं करा, ऐंशी हजार. सगळी बेरीज ४ लाख ५४ हजारांची होते. २२ लाख ८६ हजारांत घर बसलं. फरशीला मी हात लावलेला नाही. ती तुम्ही रोज पुसणार, तुम्ही ठरवा. पण एकदा पॉलिश केलेली शहाबादी बघून या.

कोणी तुम्हाला रॅट ट्रॅप बाँड सुचवेल. लॉरी बेकर यांनी केरळात ही पद्धत रुजवली: विटा कडेवर उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवायची, विटा पाव भागाने कमी लागतात, भिंत थंडही राहते. मला ती मनापासून आवडते. पण ती न रचलेल्या गवंड्याच्या हातून पहिला प्रयोग तुमच्या घरावर नको.

शेवटी एक रक्कम जपा. एस्टिमेटच्या तळाला ‘आकस्मिक खर्च, १ लाख २५ हजार’ अशी ओळ आहे. वरच्या हिशोबात ती तशीच ठेवली आहे. मिस्टर ती आधी खोडतील, त्यांना अडवा. पण ती ठेकेदाराच्या करारात घालू नका, तुमच्या खात्यात राहू द्या. करार प्रत्येक कामाच्या दराने करा, पैसे प्रत्यक्ष मापाने द्या, आणि मापं एका जाड वहीत दोघांच्या सह्यांनी लिहा. बँकही काम पुढे सरकेल तसेच हप्ते सोडते, त्यामुळे कुठल्या टप्प्याला किती लागणार ते इंजिनिअरकडून आधी लिहून घ्या. अर्ध्या भिंतींवर काम थांबणं सगळ्यात महाग पडतं.

करारावर सही करण्याआधी या रविवारी जेसीबी बोलवा. प्लॉटच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत खड्डे घ्या, कडक मुरूम लागेपर्यंत. इंजिनिअरना तिथे उभं करा. खड्ड्यात टेप सोडून, माती कुठे संपते आणि मुरूम कुठे लागतो ते दिसेल असे फोटो काढा आणि मला पाठवा. पायाचा आकडा आपण त्यावरून नव्याने काढू.